श्रावणातलं अंडं

८ जून १९७१, मंगळवार

अंडी! रोज दोन!

डॉक्टरीणबाई माझ्या तोंडावर म्हणाली. माझ्या गळ्यातली तुळशीची माळ तिला दिसत होती, तरी! पुष्पाच्या डोळ्याखालची कातडी ओढून मला दाखवली — "हे पाहा, पांढरं. रक्तच नाही सुनेच्या अंगात. तिसरा संपत आला. असं चालायचं नाही." मी म्हटलं, पालक देते, गूळ देते, हरभरे देते. म्हणाली, "ते सगळं द्याच. आणि अंडी द्या. मागच्या वेळचं विसरलात का?"

विसरते कशी? मागच्या वेळी पाचव्या महिन्यात गेलं. मुलगा होता. मनोहर दवाखान्यातून आला तो कितीतरी दिवस ऑफिसात गेला नाही, नुसता ओट्यावर बसून राही. आणि पुष्पा रडलीसुद्धा नाही. न रडणारी बाई मला पाहवत नाही.

पण अंडं? या घरात? हे गेले त्या वर्षी मी माळ घातली. चौदा वर्षं झाली. त्याआधी सगळं शिजत होतं, नाही कशाला म्हणू — आमची शेतकऱ्याची जात. पण माळ घातली तेव्हा मटण शिजवायचा गंज मोडीत दिला, मनोहरलाही सोडायला लावलं. तेव्हापासून माझी चूल स्वच्छ आहे.

देवा, हा काय पेच टाकलास रे?

९ जून

कोणाशी बोलले नाही. माझ्याशीही कोणी बोललं नाही. बरं झालं.

११ जून

मनोहर ऑफिसातून आला, चहाला हात न लावता म्हणाला, "आई, तुले जमत नसन तर सांग. मी कळमेश्वरले खोली पाहतो. तिचं माहेर तिथून जवळ आहे. मी बसने येणं-जाणं करीन." एवढं लांब वाक्य हा मुलगा आजवर माझ्यापुढे बोलला नव्हता! नाकासमोर चालणारा माणूस. कान लाल झाले होते त्याचे.

मी भाजी निवडत होते ती निवडत राहिले. मग म्हटलं, "घर सोडायची काही गरज नाही. परसात कर."

मग अटी घातल्या. शेगडी वेगळी. तवा, कढई, ताटली, चमचा वेगळा. सगळं परसातल्या सीताफळाखाली राहील, उंबरा ओलांडणार नाही. तिने तिथेच खायचं, चूळ भरायची, हातपाय धुऊन आत यायचं. गुरुवारी भजनी मंडळ घरी येतं त्या दिवशी सकाळीच आटपायचं. मनोहर सगळ्याला हो म्हणाला. शेण खा म्हटलं असतं तरी हो म्हणाला असता.

१३ जून

अंडी आणली. कशात? ऑफिसच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून! शेजारच्या सुभद्राबाईंना दिसू नये म्हणून. चोरीचा माल आणावा तसा दबकत आला. मला हसू आलं, पण तोंड घट्ट ठेवलं.

मनोहरने उकडून दिलं. मी आतून खिडकीशी उभी. पुष्पाने एक घास घेतला आणि पळाली ती मोरीपाशी. सगळं बाहेर. "मले वासच नाही सहन होत, आई. मी जल्मात कधी हात नाही लावला."

१५ जून

दुधात घालून दिलं. ओकली. मिरपूड टाकून दिलं. ओकली.

खरं लिहिते, इथे कोण वाचतंय — मला थोडा अभिमान वाटला. मनोहरसाठी तीन स्थळं मी याच अटीवर परत पाठवली होती. चौथं हे. पुष्पाचे वडील रामाजी पाटावर बसून म्हणाले होते, "बाई, आमच्या पोरीनं अंड्याले हात नाही लावला कधी. विचारा कोणालेही." सोन्यासारखी पोर मिळाली म्हणून मी मंडळात पेढे वाटले होते. माणसाचं वळण पोटातून कळतं ते असं.

पण अभिमानाने रक्त वाढत नाही. आज जिना चढताना भिंत धरून उभी राहिली. ओठ कागदासारखे.

२२ जून, मंगळवार

आज एक नवलच भेटलं.

डॉक्टरीणबाईंनी कंटाळून आम्हाला मागच्या खोलीत पाठवलं — "सिस्टर लुचियांकडे जा. पोटुशींच्या खाण्यापिण्याचं त्या पाहतात." मला वाटलं कोणी केरळची असेल. पाहते तर गोरीपान म्हातारी, पाठीत वाकलेली, पांढरा झगा, पायात पुरुषी चपला. आणि तोंड उघडलं तर — "काहून वं बाई, अंड्यानं काय केलं तुझं?"

मी पाहतच राहिले! इटलीची. इथे येऊन तीस वर्षं झाली. मराठी खेड्यापाड्यातल्या बायांकडून शिकली, त्यामुळे बोलते ती तशीच. मी जन्मभर म्युनिसिपाल्टीच्या शाळेत पोरांचं 'मले-तुले' सुधारलं, आणि ही गोरी बाई मला म्हणते, "तुले समजते का?"

पुष्पा म्हणाली, वास येतो. सिस्टर म्हणाली, "मग नुसतं कायले खातं? माह्या आईवानी खाय."

आणि सांगायला लागली. तिचं गाव इटलीत वरच्या अंगाला, डोंगराखाली. सगळे शेतकरी. मांस सणासुदीला, तेही मिळालं तर. पण कोंबड्या घरोघर. कोंबड्या बाईच्या मालकीच्या, नवऱ्याने त्यात बोलायचं नाही. चांगली अंडी बाजारात जायची, त्यातून मीठ, सुई-दोरा. तडकलेली आणि उरलेली घरात. त्याचं करायचं फ्रित्ताता. कांदा, आलू तेलात परतायचे. बांधावरचा पाला चिरून टाकायचा, कालच्या शेवया उरल्या असतील तर त्याही. वरून फेटलेली अंडी. मंद आच, हलवायचं नाही. भाकरीएवढं जाड झालं की ताटलीवर पालथं घालून दुसरी बाजू. "कापून फडक्यात बांधा, वावरात घेऊन जा. थंडं झालं तरी चालते. आमच्या गडी-माणसाची न्याहारी हेच."

मी म्हटलं, म्हणजे धिरडंच की! म्हणाली, "हो, पण खाऊन दिवसभर नांगर चालवता येते असं."

मग वर्गच घेतला. डाळीतलं प्रथिन चांगलं, पण एकटं अपुरं. अंड्यातलं पुरतं, ते बाळाचं अंग बांधतं. पिवळ्यात जीवनसत्त्व. पाल्यात लोह, पण नुसतं लोह अंगी लागत नाही, म्हणून खाताना लिंबू पिळायचं. आलूने पोट भरतं. एका घासात सगळं. गरिबाने शोधलेलं अन्न, डॉक्टरने नाही.

"तुले हे माहीत नाही काय? मास्तरीण ना तू?"

माहीत नसायला काय झालं! चौथीच्या पोरांना 'अंडे हा पूर्ण आहार आहे' मी दरवर्षी फळ्यावर लिहून दिलं आहे. बाजूला चित्रही काढायची, छान गोल यायचं. खडूचं अंडं मला चालत होतं!

निघताना सिस्टरने पुष्पाला नाही, मला विचारलं, "घरी रांधते कोण?" मी म्हटलं, मी; अंडं तेवढं मुलगा करतो. "मंग तूच कर. पोराच्यानं नाही होत हे."

मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

२४ जून

मनोहरने केलं. खालून कोळसा, आतून कच्चं. पुष्पा दोन घासांत मोरीपाशी. मनोहरचं बोट भाजलं. असल्या स्वयंपाकाने धडधाकट माणूस ओकेल, पोटुशीचं काय घेऊन बसलात!

२५ जून

मीच केलं.

सकाळी पूजा झाली. देवाला सांगितलं, आता थोडा वेळ तिकडे पाहू नकोस. माळ पाठीवर टाकली, पदर खोचला आणि परसात गेले.

चौदा वर्षांनी अंडं हातात. हात विसरला होता. नारळासारखं आपटलं — अर्धं कढईत, अर्धं माझ्या पातळावर! टरफलं वेचता वेचता वीट आला. पण एकदा कांदा तेलात पडला आणि मग मला माझा हात सापडला. आलूच्या पातळ चकत्या, वाफेवर अर्ध्या शिजवून. चवळाईचा पाला बारीक चिरून, पाणी पिळून. हळद, जिरं, हिरवी मिरची, सांबार, म्हणजे पुस्तकातली कोथिंबीर, भरपूर — इटलीत सांबार नसेल, नसू दे. पालथं घालायच्या भानगडीत पडले नाही. झाकण ठेवलं, झाकणावर चार निखारे. वरून-खालून सारखी आच. अगं बाई, असं फुलून आलं!

मिठाचा प्रश्न होता. चाखायचं कसं? मग म्हटलं, नैवेद्याचा स्वयंपाक आपण चाखतो का? जन्मभर पुरणावरणाचं मीठ अंदाजानेच टाकत आलो. हात चुकत नाही. तसंच टाकलं. सिस्टरला हे सांगितलं पाहिजे, हसेल.

पुष्पाने नाक दाबून, डोळे मिटून खाल्लं. औषध घ्यावं तसं. अर्धं खाल्लं. मोरीपाशी गेली नाही!

मी डोक्यावरून न्हाले. मनोहर नळावर पाणी भरत होता, उगाच दुसऱ्यांदा तीच बादली भरत होता. डोळे पुसत होता मेला.

२६ जून

पूर्ण खाल्लं.

३ जुलै

आता मला नादच लागला म्हणायचा. मेथीचं केलं. शेवग्याच्या पाल्याचं केलं. लाल भोपळ्याचं जरा गोडसर झालं, ती म्हणाली बरं आहे. काल शेवया उरल्या होत्या (खिरीतल्या नाहीत, तिखट उपम्याच्या), सिस्टरची आठवण झाली, त्या टाकल्या. पुष्पा नाक न दाबता खात होती. मी विचारलं, "वास येत नाही आता?" दचकली. म्हणाली, "येते, आई. पण बाळासाठी..." आणि परत नाक दाबलं. किती करते ही पोर!

८ जुलै, गुरुवार

भजन. सुभद्राबाई मंडळात माझ्यानंतरच्या, पेटी वाजवतात. आल्या, बसल्या, नाक वर केलं. "कशाचा वास येऊन राहिला वं, जिजाबाई?"

मी म्हटलं, "मागल्या गल्लीतून येतो." आणि मोठ्याने अभंग सुरू केला. सूर वरचा लागला, सगळ्यांची धाप निघाली.

२० जुलै, मंगळवार

तपासणी. रक्त जरा वाढलं! डॉक्टरीणबाई हसली, मला वाटायचं तिला हसता येतच नाही. सिस्टरला माझी निखाऱ्यांची युक्ती सांगितली. म्हणाली, "माही आई असती तर तुह्या पाया पडली असती."

२३ जुलै

श्रावण लागला.

श्रावणात अंडं? खाणारी माणसंसुद्धा या महिन्यात खात नाहीत. खाटकाचं दुकानही थंड असतं. मी पुष्पाला म्हटलं, "एक महिनाभर थांबवू या? रक्त वाढलंच आहे." ती लगेच, "हो आई, मीच म्हणणार होते. श्रावणात कसं खायचं!"

सोन्यासारखी पोर. शेगडी धुऊन पालथी घातली. अंड्यांऐवजी खजूर, शेंगदाणे, राजगिरा, दोन वेळ दूध. महिन्याने काय होतं!

डॉक्टरीणबाईंना सांगायची गरज नाही. तिला काय कळतो श्रावण.

२ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. पुष्पानेही उपास धरला. मी नको म्हटलं, पण फार जोर लावून नाही म्हटलं.

१० ऑगस्ट, मंगळवार

रांगोळी काढता काढता पडली.

मी आत होते. आवाज आला. धावले तर रांगोळीवर आडवी, डोळे पांढरे. रिक्षात घालून नेलं. रिक्षावाल्याला सांगत होते, हळू, हळू — आणि परत, लवकर चल रे बावा! पातळावर डाग पाहिला मी. पाचवा महिना. तोच महिना.

देवा, लिहवत नाही.

वाचलं. आतलं बाळ शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंनी निजवून ठेवली आहे, मनोहर तिथेच बसला आहे. मी परत आले ती आंघोळीला आणि डबा करायला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खाण्यात काही बदल? मी सांगितलं. तिने पेन खाली ठेवला फक्त. सिस्टर मात्र बोलली. म्हातारीचा चेहरा लालबुंद. "श्रावण? पोटातल्याले काय माहीत श्रावण?"

मी म्हटलं, आमचा धर्म आहे. तुम्ही नाही समजायच्या.

"मी नाही समजायची?" खुर्ची ओढून माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. म्हणाली, त्यांच्याकडेही आहे. मोठ्या सणाआधी चाळीस दिवस. तिच्या आजीच्या काळी त्या चाळीस दिवसांत मांस नाही, दूध नाही, अंडं तर नाहीच. पण कोंबडीले कोण सांगणार? ती देतच राहायची. बाया अंडी राखेत पुरून ठेवायच्या. मग सण झाला की दुसऱ्या दिवशी सगळं गाव रानात जाऊन बसायचं आणि चाकाएवढाली फ्रित्ताता खायचं. अजूनही जातात. आजी फार कडक होती. पोटुशी असताना तिने ते चाळीस दिवस धरले. मग त्यांचा पाद्री स्वतः घरी आला. हातात ताटली घेऊन दारात उभा राहिला — तू खात नाहीस तोवर मी हलत नाही. पोटुशीले उपास नाही, हे त्यांच्या पोथीतच आहे म्हणे. "तवा माही आई जन्मली. आता सांग, तुह्या पोथीत काय आहे?"

माझ्या पोथीत काय आहे? तेच आहे. लेकुरवाळीला, आजाऱ्याला, पोटुशीला व्रत नाही. मी स्वतः मंडळात वाचून दाखवलं आहे. सुभद्राबाईंनी शंका विचारली होती, तिचं निरसन केलं होतं मी! आणि घरात विसरले. विसरले कसली, सोयीचं नव्हतं.

१४ ऑगस्ट

घरी आणली. आल्या आल्या शेगडी पेटवली. श्रावणी शनिवार, मारुतीच्या देवळातली घंटा ऐकू येत होती आणि मी अंडी फेटत होते. माळ आज पाठीवर टाकली नाही. राहू दे पुढे. पाहू दे त्याला.

१९ ऑगस्ट, गुरुवार

भजनाला बाया आल्या. सुभद्राबाईंनी नाक वर करायच्या आत मीच सांगितलं. "मी अंडं करते. सुनेसाठी. श्रावणात करते, परसात करते, माझ्या हाताने करते. मागच्या वेळी मागल्या गल्लीचं म्हटलं ते खोटं होतं. यायचं तर या, नाहीतर मी एकटी म्हणीन."

अभंग मी एकटीनेच म्हटला जवळजवळ.

२१ ऑगस्ट

काल पोळा झाला. आज मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक महाल भागातून निघाली असेल. इडापीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत! मी इथूनच ओरडले. पुष्पाला सहावा लागला. लागला!

९ सप्टेंबर

सुभद्राबाई आज आल्या. पेटीवर बसायच्या आधी पदराखालून मेथीची जुडी काढली. "परसात लावली होती. पोरीच्या त्याच्यात टाक." अंडं शब्द काढला नाही. पण जुडी चांगली ताजी होती.

५ ऑक्टोबर, मंगळवार

रक्त चांगलं! डॉक्टरीणबाई म्हणाली, असंच चालू ठेवा. सिस्टरने दोन्ही हातांनी माझे गाल धरले. मला असलं आवडत नाही, पण आज चाललं.

२३ ऑक्टोबर

दिवाळी झाली. पुष्पा भरली आहे. चालते कशी, डुलत! फराळाच्या डब्यापाशी मला हळूच चापट मारून पळते. अशी ती कधी नव्हतीच. की मी पाहिलं नव्हतं?

३ नोव्हेंबर

डाव्या मनगटाला सूज. काल पाट उचलताना कळ भरली. हात गळ्यात बांधून बसले आहे. मनोहर म्हणाला, आज अंडं राहू दे. पुष्पा म्हणाली, "मी करते ना, आई. तुमचं पाहून पाहून येते आता." म्हटलं, कर. सांभाळून कर, टरफल पडतं.

मी खिडकीशी बसले, चुका काढायला.

तिने टोपलीतून अंडी घेतली. एकेक कानाशी नेऊन हलवलं. एक हलवलं, परत हलवलं आणि बाजूला ठेवलं. मला कळेना काय करते. मग कढईच्या काठावर टक् — एका हाताने. दोन बोटांनी टरफल उघडलं, आतलं खाली, टरफल मागे शेगडीच्या राखेत. परत टक्. परत टक्. पाहतही नव्हती कढईकडे! सीताफळावर खार होती, तिच्याकडे पाहून हसत होती. टरफलाचा एक कण पडला नाही. झालं तशी कडेची लालसर पापडी बोटाने ओढली, फुंकर घालून तोंडात टाकली, बोट चाटलं.

नाक दाबलं नाही. कोणी पाहत नव्हतं ना.

तिने बाजूला ठेवलेलं अंडं मी दुपारी जाऊन फोडलं. सडलेलं निघालं.

५ नोव्हेंबर

दोन दिवस विचार करते आहे. हे हात 'पाहून पाहून' येत नाहीत.

मग त्या ओकाऱ्या?

६ नोव्हेंबर

विचारलंच. लसूण सोलत बसलो होतो. सहज विचारल्यासारखं — "पुष्पा, तुझ्या माहेरी कोंबड्या होत्या का वं?"

तिचा लसूण हातातच राहिला. गळ्यापर्यंत लाल झाली. मी म्हटलं, "सांग. मी काही खात नाही तुला. माळकरी आहे."

आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. होत्या म्हणे. खुराडंभर. तिची आई बायजाबाई पाळायची आणि सगळं काम हिच्याकडे. शुक्रवारी कळमेश्वरच्या बाजारात टोपलं घेऊन हीच बसायची. कानाशी हलवून चांगलं-वाईट ओळखायची. आणि तडकलेली सगळी हिच्या पोटात! "मी तर लय खाई, आई. भाऊ मले कोल्हीण म्हणे." लग्न ठरताना बापाने शब्द दिला, आणि निघताना आईने बजावलं — आता जल्मात नाव काढू नको, तुह्या बापाचं नाक जाईन.

"आणि त्या ओकाऱ्या गं?"

"पहिली खरी होती. पुढच्या... बोट घालत होते." खाली मान. "एकदम गपागपा खाल्लं असतं तर तुम्हाला कळलं असतं ना."

मी कपाळावर हात मारला. मग मलाही हसू आवरेना. चार महिने मी मेथ्या चिरते, आलूच्या चकत्या पातळ करते, सातासमुद्रापलीकडची रीत शिकते, वास मारायला सांबाराच्या जुड्या घालते — आणि जिच्यासाठी करते ती कोल्हीण! मनोहर आला तर आम्ही दोघी लसणाच्या सालींत लोळतोय. त्याला वाटलं कळाच सुरू झाल्या.

७ नोव्हेंबर

हसले खरी काल. पण आज सकाळपासून एकच मनात येतं — मला एवढं भीत होती? बोट घालून ओकायची, अंगात रक्त नसताना, पण मला सांगायची नाही? मी कधी हात उगारला नाही तिच्यावर. वाकडा शब्द नाही. फक्त कौतुक केलं. उठता बसता, चार बायांत, 'माझ्या सुनेने अंड्याला हात लावला नाही.'

तेच असेल.

९ नोव्हेंबर, मंगळवार

दवाखान्यातून येताना रिक्षात पुष्पा आपणहून बोलली. मागच्या वेळीही डॉक्टरीणबाईंनी अंडी सांगितली होती. एकटीच गेली होती तेव्हा. "म्या घरी सांगितलंच नाही, आई. माझं खाणं माहीत झालं तर तुम्ही हाकलून द्याल असं वाटलं."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "येडी काय वं! कोण हाकलते तुले?"

खोटं बोलले. हाकललं असतं.